लाईनला लागायचं म्हणजे कुठं

३ ऑगस्ट, सोम.
मामानं तो काम करतो त्या शिरोलीच्या फौंड्रीत चिकटवलं. वाळूचे साचे भरायचे. आठवडाभर बघणार, मग ठेवायचं का ते. फोरमनला म्हणाला, "भाचा हाय माझा. मी हाय की जबाबदार." बाहेर आल्यावर मला, "आता तरी लाईनला लाग." दहावीपासून ऐकतोय. कुठली लाईन, कुणी सांगत नाही.

४ ऑगस्ट
नाकात वाळू, कानात वाळू. शेजारी रफिकभाई. "ह्या लाईनला कसा काय आलास रं?" म्हणजे धंद्याला. डबा खाताना म्हणतो, "पॅकिंगमधली लाईन देतीय बघ तुला." हे वेगळंच. फॉर्म भरताना क्लार्क, "तिसऱ्या लाईनीत नाव लिव्ह." एका शब्दाला किती कामाला जुंपलंय. माझ्यापेक्षा जास्त राबतोय.

५ ऑगस्ट
अकराला लाईन गेली. ही विजेची. रफिकभाई म्हणाला, पावसात गेली की दोन तास निवांत. चहाला बाहेर पडलो. हायवेला ओळखीचा बंडू भेटला, टेम्पो घेऊन गगनबावड्याला चाललेला. म्हटलं धुकं बघून येऊ. दोन तासांत होत नाही हे कळे गावाच्या पुढं गेल्यावर सुचलं. घाटात धुकं एवढं की काहीच दिसलं नाही. भजी खाल्ली. फोनला रेंज नाही. परत यायला रात्र झाली.

६ ऑगस्ट
लाईन वीस मिनिटांत आलेली. भट्टीत लोखंड तयार, माझे साचे अर्धे. तिथं पद्धत अशी की ज्यानं माणूस आणला त्यानं त्याचं राहिलेलं उरकायचं. मला माहीत नव्हतं. मामानं जेवण सोडून माझे साचे भरले. रफिकभाईनं सांगितलं. मामानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. विचारलं, उद्या येऊ का? "मला काय इचारतोस? तुझं तू बघ."

८ ऑगस्ट, शनि.
काल, आज नीट भरले. फोरमन म्हणाला, "सोमवारपास्नं कायम ये. पुन्हा पळालास तर तुझ्या मामालाच धरणार." हो म्हणालो.
संध्याकाळी बंडू. सोमवारी गडहिंग्लजचा माल, तिथनं पुढं कर्नाटकात. "चल की, ड्रायव्हर लाईन शिकशील." त्यालाही हो म्हणालो. दोन्ही वेळेला खरंच वाटत होतं.

९ ऑगस्ट
मामा गाडी पुसत होता. मागचं मोडकं पायदान बदलून नवीन बसवलंय. इतकी वर्षं तसंच होतं, मागं कोण बसतच नव्हतं. "उद्या साडेसातला निघायचं," एवढंच म्हणाला.
बंडूचे दोन मिस्ड कॉल. आता तिसऱ्यांदा वाजतोय.