पिंगीचा निर्णय पिंगीच घेईल

३ मार्च
आजपासून नातीच्या करिअरमध्ये मी नाक खुपसणार नाही. इंजिनिअरिंग संपत आलं. पुढे सैन्याच्या टेक्निकल शाखेत जायचं की एम.टेक. करायचं, ते पिंगीनेच ठरवावं. ती एम.टेक. करणार आहे. कॉलेज घराजवळच आहे. माझ्या खोलीत तिच्या टेबलाला जागाही केली.

५ मार्च
दोन्हीकडे प्रयत्न करते म्हणाली. सैन्याची मुलाखत अनुभव म्हणून दे, असं मी मोठ्या मनाने सांगितलं. नऊला उठून अंथरुणात चहा मागणाऱ्या मुलीला घ्यायला ते काय आंधळे आहेत?

९ मार्च, पहाटे
एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेला शिस्त हवी. मुख्याध्यापिका असताना होस्टेलच्या मुलींना लावलेलं टाइमटेबल पुन्हा सुरू केलं. पाचला उठणे, गार पाण्याने आंघोळ, चादर बिनसुरकुतीची, बुटांना पॉलिश. सूनबाई म्हणाली, परीक्षा कॉम्प्युटरवर असते, बूट कोण बघणार? मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बघायच्या. म्हणून मी या वयातही ताठ उभी राहते आणि सूनबाई सोफ्यावर लोळते.

२० मार्च
पिंगी आता न उठवता उठते. काहीही सांगितलं की टाचा जुळवून 'येस, आजी' म्हणते. संध्याकाळी जिना धावत चढते-उतरते. मेंदूला रक्त पोचतं. चिरंजीवांनी विचारलं, आई, हिला नक्की कशासाठी तयार करतेयस? याला शाळेतही प्रश्न समजत नसे.

४ एप्रिल
पिंगी मुलाखतीला गेली. नापास झाल्यावर बोलायची सांत्वनपर वाक्यं तयार आहेत. दोन इंग्रजीत.

११ एप्रिल
निवड झाली. निवड मंडळातल्या साहेबांनी विचारलं म्हणे, खडतर प्रशिक्षण झेपेल का? ही म्हणाली, "सर, मी आजीकडे राहते." साहेबांनी पुढचे प्रश्नच विचारले नाहीत. मुलाखत घेण्याची ही काय पद्धत?
एम.टेक.लाही प्रवेश मिळालाय. म्हणजे प्रश्नच मिटला.

१४ एप्रिल
पिंगीला समोर बसवून तासभर निःपक्षपातीपणे बोलले. तिकडे चिखलात उभं राहून रडार दुरुस्त करायचे. इकडे स्वतःचं टेबल, वेळेवर जेवण, शिवाय मी. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग हळूच म्हणाली, "आजी, तिकडे रविवारी आठपर्यंत झोपू देतात गं."
तिने सैन्य निवडलं. तिला माझ्यापासून दूर जाणं जड जातंय, म्हणून असले विनोद करते.

१ जुलै
पिंगी गेली. रडू दिसू नये म्हणून असेल, फाटकापासून रिक्षापर्यंत धावतच सुटली.

रविवार
रविवारी फोन करते म्हणाली होती. पहाटे पाचपासून फोनपाशी बसलेय. साडेसात झाले. झोपली असेल.
झोपू दे.