जगल्यावर मोज

अण्णा, संगमनेरजवळच्या आपल्या मळ्यात बसून मी समुद्रातल्या माशांचा विचार करतेय, हे ऐकून तुम्ही हसला असता. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठून विहिरीपर्यंत चक्कर मारून आले. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे माझं काम तुम्हाला ठाऊकच नाही. किनाऱ्यावरच्या एका केंद्रात मी तारली नावाच्या माशाची नुकती जन्मलेली पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली मोजते. पापणीच्या केसाएवढी असतात. जन्मताना पोटाला दोन-तीन दिवसांची शिदोरी चिकटलेली असते. ती संपायच्या आत पहिला घास मिळाला तर जगायचं, नाहीतर खेळ संपला. जन्मतात अफाट, उरतात मूठभर.

गेल्या साली बारीक जाळीत पिल्लं इतकी आली की मी हरखून गेले. त्यांची पोटं तपासायचं किचकट काम बाजूला ठेवलं, नुसती डोकी मोजली आणि यंदा तारली भरपूर येईल असं अहवालात लिहून मोकळी झाले. बंदरावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, माझ्या शब्दावर नवी जाळी होडीत भरली. मासळी आलीच नाही. तो भांडला नाही. पिल्लं तुम्ही डोळ्यांनी पाहिली होती ना, मग ती गेली कुठं, एवढंच त्याने विचारलं. मी वाऱ्यावर आणि प्रवाहावर ढकलून दिलं. मग ती पिल्लं जपून ठेवलेल्या बाटल्या पुन्हा काढल्या. बहुतेकांची पोटं रिकामी होती, अंगं खंगलेली. मी मोजली तेव्हाच त्यांचं काही खरं नव्हतं. मला शरम वाटली आणि लगेच तुमचा वाफा आठवला.

मी आठ-नऊ वर्षांची आहे. कांद्याचं रोप टाकलंय. बी तुमच्या मावसभावाने, म्हणजे काकांनी, घरचं दिलेलं. हिरव्या सुया वर आल्यात आणि मी वाफ्याकडेला बसून त्या मोजतेय. यंदा आमचा कांदा मावायचा नाही, असं सगळ्या वस्तीला सांगून झालंय. तुम्ही हातातली झारी खाली ठेवता. "आत्ताच काय मोजतीस? म्हैनाभर जगू दे, मंग मोज." मला असा राग येतो. सगळीच्या सगळी जगवून दाखवीन, असं मनात म्हणते. मग तुमची पाठ फिरली की पाटाचं पाणी सोडून वाफा तुडुंब भरते, तुम्ही यायच्या आत बंद करते. एकदा नाही, तीन-चारदा. साचलेल्या पाण्याने आठवड्यात रोपांना मर लागली, सगळ्यांनी माना टाकल्या. तुम्ही तडक काकांच्या ओट्यावर गेलात. "बी रोगट हुतं, तर सांगायचं तरी," म्हणालात. मी तुमच्या मागे उभी होते, पायाला चिखल तसाच. त्यानंतर दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं. तुमच्या मातीला काका आले, ते बांधावरूनच परत गेले.

अहवालाची दुरुस्ती मी परवा पाठवली. चूक मोजणीची आणि मोजणी माझी, असं सरळ लिहिलं. तांडेलालाही फोन केला. पुढच्या वेळी पोटं बघा, म्हणाला. तेवढ्यावर माझा जीव शांत व्हायला हवा होता. झाला नाही, म्हणून सुट्टी काढून इथं आले. काका आता खूप थकलेत. बांधापलीकडे खाटेवर बसलेले दिसतात. चहाला ये म्हणून त्यांनी सकाळपासून दोनदा हाक मारली. मी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि अजून इथंच बसलेय.

पाणी मी सोडलं होतं, अण्णा. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही हे वाचणार नाही. काकांना अजून चांगलं ऐकू येतं.