नायक घर सोडतो

३ तारीख, सकाळी आठ
घर सोडलं. कादंबरीतला माझा नायक पहिल्याच प्रकरणात बापाचं शिलाईचं दुकान सोडून जातो, आणि जे जगलो नाही ते लिहू नये असं माझं ठाम मत आहे. वय तेवीस. खोली बाबांच्या दुकानापासून दोन स्टॉप. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबांना सांगितलं, आता मी मोठा झालोय. त्यांनी तोंडातली टाचणी न काढता मान हलवली.
शेवटचं प्रकरण ठरलेलं आहे: बाप दाराशी येतो, मान खाली, म्हणतो, तुझंच खरं होतं. महिन्याभरात येतीलच.

४ तारीख
रोज दहा पानं. घरी फोन करायचा नाही.

७ तारीख
पानं दीड. त्यातलं एक शीर्षकाचं. एकांत मला मानवतो. दिवसभरात एकदाच बोललो. वाण्याला विचारलं, साखर आहे का. नव्हती.

११ तारीख, रविवार, साडेदहा
दार वाजलं. तीनदा. नक्की मालकीणबाई, नळ चालू राहिल्याबद्दल. प्रौढ माणसाने वादात पडू नये. श्वास रोखून खाटेवर बसून राहिलो.

१५ तारीख
पँटच्या मागच्या खिशाचं बटण तुटलं. स्वतः लावलं. दोरा ओवायला चाळीस मिनिटं. खिसाही सोबत शिवला गेला. हरकत नाही, नायकाकडे खिशात ठेवण्यासारखं तसंही काही नसतं.

१९ तारीख
बाबा आले नाहीत. माणसाने किती हट्टी असावं! खोलीत फार शांत वाटतं. घरी मशीनच्या खडखडाटाने डोकं उठायचं. आज तोच आठवत बसलो. पानं शून्य.

२२ तारीख, दुपार
दुकानात गेलो. फक्त पँट दाखवायला, याला परत जाणं म्हणत नाहीत. बाबांनी खिसा पाहिला, हसले नाहीत. नवीच शिवतो म्हणाले. टेप लावली, मापाच्या वहीत माझं पान काढलं. अठराव्या वर्षीचंच माप चालेल म्हणाले, कंबर तेवढी इंचभर कमी झालीय.
मग खिशाचे टाके उसवता उसवता म्हणाले, त्या रविवारी खोलीवर आलो होतो. आत खाट करकरली. लिहीत असशील म्हणून परत फिरलो.
काय सांगायचं होतं, विचारलं. काही नाही, घर खायला उठतं, म्हणाले.
सुई माझ्यापुढे धरली. त्यांना हल्ली नेढं दिसत नाही. मला माहीतच नव्हतं.
ओवायला घेतली. मलाही दिसेना.