रिंगांची टोकं

सोमवार, ३ फेब्रुवारी

नाही करणार सही! आधी हे लिहून टाकते, मग चहा.

आज तपासणीला गेले त्या शाळेत तळमजल्याच्या खांबाचा कोपरा फोडायला लावला. उभ्या सळयांभोवती रिंगा आहेत, पण त्यांची टोकं आत वळवलेलीच नाहीत. काटकोनात मुडपून दिलीत सोडून! जमीन जोरात हलली की रिंगा उघडणार, सळया फाकणार, आणि वर तीन मजले पोरं. आणखी चार खांब फोडले. तसेच. बांधायच्या तारेचा पीळसुद्धा उलटा, कुणीतरी डावखुरा असणार.

मुख्याध्यापक सारखे मागे मागे. "अहो बाई, वीस वर्षं ठणठणीत उभी आहे इमारत." उभी आहे, कारण जमीन अजून हललेली नाही! बाहेरून नवा गुलाबी रंग मात्र फासलाय. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "किरकोळ दुरुस्ती लिहा ना. परीक्षा तोंडावर आल्यात." म्हटलं, मांडवात घ्या परीक्षा. "बदली हवीय का तुम्हाला?" — करा! जाईन तिथेही शाळा असतीलच, आणि हातोडी माझी स्वतःची आहे.

अहवालात लिहिलं: इमारत वापरू नये. सोमवारी सभा बोलावलीय त्यावर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

एका आईचा फोन. "आमच्या पोरांचं वर्ष वाया घालवताय तुम्ही!" वर्ष भरून काढता येतं हो, बाई. पण मी बोलायच्या आत तिने फोन आपटला. मग रडू आलं. रागानेच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गॅलरीतली कपडे वाळत घालायची तार तुटली होती, ती बाबांनी बांधून दिली. डाव्या हातात पक्कड. पीळ उलटा.

आयुष्यभर बघतेय तो हात, आणि सोमवारी आठवला नाही? की आठवला आणि मीच दाबून टाकला?

सरळ विचारलं. बाबांनी शाळा कुठली ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "बांधल्यात मी. ठेकेदार म्हणायचा, आवर, आवर. टोक वळवायला वेळ जातो गं. ते कशासाठी वळवायचं, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही." जेवले नाहीत.

याच हातांनी सळया बांधून मला इंजिनिअर केलं. खूप चिडलेय त्यांच्यावर, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटतंय. आई म्हणते, "आता बापाचंच नाव चव्हाट्यावर आणणार का?" अहवाल मागे घेणार नाही. बाबांनाही तसं सांगून टाकलं. ते नुसते पक्कड पुसत बसले.

सोमवार, १० फेब्रुवारी — सकाळी

लेकीला, ठकीला, शाळेत सोडून सभेला आले. दारात बाबा उभे! इस्त्रीचा शर्ट घालून. "चल," म्हणाले, "मीही बोलणार आहे."

दुपारी, रिक्षात

बाबा सगळ्यांसमोर उभे राहिले. "रिंगा मी बांधल्या. पोरगी खरं बोलतेय." साहेबांचं तोंड एवढंसं झालं. चिडून त्यांनी विचारलं, "अजून कुठे कुठे केलंत असं?"

बाबा बोटांवर मोजायला लागले. सातव्या बोटावर थांबले. "नदीपलीकडं एक होती. तेव्हा नुसते पाये आणि खालचे खांब. पंधरा दिवस बांधून सोडलं मी ते काम. पुढं त्याचं काय झालं, कधी बघायला गेलो नाही." मग माझ्याकडे वळले. "अगं... ती पिवळी तर नव्हे?"

पिवळी. ठकीची शाळा. तिसऱ्या मजल्यावर बसते ती.

हातोडी पिशवीत आहे. बाबा शेजारी बसलेत.