पाटीवर तीन, आत पाच

तात्या, तो पहिला कॉम्प्युटर मला कितीला पडला हे तुम्ही चारचौघांत दर वेळी विचारायचात आणि मी दर वेळी वेगळा आकडा सांगायचो. खरा हिशेब आज सांगतो. जुनी मोटारसायकल गेली. स्वयंपाकघरात फरशी बसायची होती ती पुढे कितीतरी वर्षं बसली नाही, आणि घरातली त्यावर एक शब्द बोलली नाही, ते बोलण्यापेक्षा महाग पडलं. दुकानातला एकुलता एक पंखा गिऱ्हाइकांवरून काढून त्या यंत्राकडे वळवला, म्हणून उन्हाळ्यात जुनी माणसं घाम पुसत समोरच्या दुकानात जाऊन बसायला लागली. आणि एका थंडीत तुम्ही इंदापूरला यायचं बंद केलंत. रोख रक्कम या सगळ्यात सर्वांत हलकी होती.

हे आज आठवायचं कारण साधं आहे. मुलगी आपल्या दुकानाचा माल इंटरनेटवर विकायला ठेवते आहे. आता नांदेडचा माणूसही आपल्याकडून बेरिंग मागवू शकतो. मालाचा फोटो, कंपनी, किंमत एवढं तर सगळेच टाकतात, पण त्याखाली आपल्या मनानं नवे रकाने वाढवायची सोय आहे म्हणे. सकाळी समोर बसून तिनं विचारलं, "अण्णा, गिऱ्हाईक अजून काय काय विचारतं? सांगा, मी रकाने करते." मी म्हटलं, विचार करून सांगतो. एरवी मी विचार करून काही सांगत नाही हे तिला माहीत आहे, त्यामुळे ती जरा माझ्याकडे बघतच राहिली.

तुमच्याकडे मी कऱ्हाटीहून आलो तेव्हा आमची मेंढरं विकून झाली होती आणि वडिलांना मागे हिंडायला काही उरलं नव्हतं. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला तुमचं पंपांच्या जळक्या मोटारी भरायचं दुकान. जळालेल्या वार्निशचा वास, भिंतीला टेकवलेल्या मोटारी आणि मधे मांडी घालून तुम्ही. तुम्ही काही देवमाणूस नव्हतात. चहा दुसऱ्याच्या नावावर प्यायचात, शेजारच्या वेल्डरशी वर्षानुवर्षं भांडण होतं आणि आपल्यासारखं वायंडिंग पुण्यातसुद्धा कुणी करत नाही हे रोज कुणाला तरी ऐकवायचात. पण हात चालायचा. जळकी तार ओढून काढायची, वेढे मोजायचे, नवी तार भरायची, हे मी तुमच्याच शेजारी बसून शिकलो.

तिथंच तुमचा एक कायदा कळला. तेव्हा शेतीच्या विजेच्या बिलाचा आकार मोटारीच्या हॉर्सपॉवरवर होता. तीनची मोटार असेल तर तीनचा, पाचची असेल तर पाचचा. त्यामुळे निम्मा तालुका तुमच्याकडे तीनची पाटी असलेली मोटार आणायचा आणि हळूच म्हणायचा, आत पाच भरा. म्हणजे तार जाड घालायची आणि तीनच्या मोटारीकडून पाचचं काम करून घ्यायचं. एकदा मी एक मोटार उघडली आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हटलं, अहो, ही तार पाटीपेक्षा जाड दिसते. दुकानात अजून दोघं बसले होते. तुम्ही त्या माणसासमोर काही बोलला नाहीत. तो गेल्यावर माझ्या हातातली हातोडी काढून घेतलीत. "मोटारीच्या पोटात काय हाय ते गिऱ्हाइकाम्होरं बोलायचं न्हाय. त्येला ठावं असतंय." दिवसभर मला मोटारी धुवायला लावल्यात. संध्याकाळी मात्र स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी पुढे केलीत. माफी म्हणून नव्हे, तुम्हाला ठेचा तिखट झाला होता.

पुढे मी इंदापूरला आपलं दुकान टाकलं. वायंडिंग थोडं, पंप आणि सुटे भाग जास्त. तुम्ही उद्घाटनाला आलात, नारळ फोडलात आणि जागा चुकली म्हणालात. त्यानंतर बाजारच्या दिवशी एसटीनं यायचात आणि काउंटरशेजारच्या खुर्चीवर दुपारपर्यंत बसायचात. डोळे अधू झाले होते, भरणं कमी झालं होतं, पण माणूस दारातून आत आला की त्याच्या चालीवरून तुम्ही सांगायचात, ह्येची मोटार जळली का नुसता कॅपॅसिटर गेला.

त्याच सुमाराला मी तो कॉम्प्युटर घेतला. आख्ख्या बाजारपेठेत तेव्हा दुसऱ्या कुठल्याच दुकानात नव्हता. बारामतीच्या एका पोरगेल्या माणसानं मला प्रोग्रॅम लिहून दिला. त्यात रकाने चारच. वस्तू, कंपनी, दर, शिल्लक. मी म्हटलं, एवढं तर मला तोंडपाठ आहे, यासाठी मोटारसायकल विकली नाही मी. मला गिऱ्हाइकाच्या मोटारीचं सगळं पाहिजे. मग त्यानं आणखी काही रिकामे रकाने जोडले आणि म्हणाला, काय नावं द्यायची ती द्या. मी दिली. विहीर किती खोल. पाणी गोडं की खारं, कारण खाऱ्या पाण्यानं पंपाचा पंखा झिजतो. पाटीवर किती. आणि शेवटचा, ज्याचा मला सगळ्यांत अभिमान होता, तो म्हणजे आत किती. मराठी अक्षरं त्यात उमटायची नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. लांबून पडद्याकडे बघताना गिऱ्हाइकाला वाटायचं, काहीतरी मोठं कंपनीचं लिहिलंय.

आत किती, हे कळणार कसं? त्यासाठी माझे कान होते. एसटीत, चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या काट्यावर माणसं जे बोलतात ते मी ऐकून ठेवायचो. शिवाय मोटार चालू असताना नुसत्या आवाजावरून मी आतला आकडा सांगायचो. दोन तालुक्यांत हे मला एकट्याला जमतं, असं मी सांगत फिरायचो, आणि लोक मानायचेही. तुम्हाला मी कॉम्प्युटर कौतुकानं दाखवला तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, ह्ये कुणाला सांगत तर न्हाय? मी म्हटलं, तात्या, त्याला जीभ कुठाय.

निरवांगीचे ते दोघे भाऊ तुमचे जुने गिऱ्हाईक. जमीन वाटली, चुली वेगळ्या झाल्या, विहीर तेवढी एक राहिली. आठवड्यातले वार वाटून घेतलेले, आणि दोघांनी तीन-तीनचीच मोटार ठेवायची असं चार माणसांत ठरलेलं, म्हणजे आपल्या वारी कुणी जास्त पाणी ओढायला नको. थोरल्यानं मधे कधीतरी तुमच्याकडून मोटार भरून नेली. मी एकदा त्याच्याकडे पाइप द्यायला गेलो होतो, तेव्हा विहिरीच्या काठावर उभा राहून तिचा आवाज ऐकला. थोरला माझ्याकडे बघून हळूच हसला. पुढच्या बाजारी मी तुम्हाला म्हटलं, थोरल्याची पाच आहे, ऐकून आलो. तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, बरं. मी रकाना भरला.

थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यातली गोष्ट. मांडव धाकट्याच्या अंगणात, कारण त्याचं अंगण मोठं. भाऊबंदकीत अशी लग्नं क्वचित होतात, म्हणून गावात त्याचं कौतुकही होतं. धाकटा लग्नाच्या बाजाराला इंदापूरला आला, आणि थोरल्यानं त्यालाच सांगितलं, येताना माझ्या मोटारीचं बेरिंग घेऊन ये. तुम्ही खुर्चीवर होतात. मी कॉम्प्युटरात थोरल्याचं नाव टाकलं, बेरिंग दिलं, आणि ऐटीत बिल छापून हातात ठेवलं. तोपर्यंत बिलं हातानंच लिहायचो. छापील बिलाचा तो पहिलाच आठवडा होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं भरलेला प्रत्येक रकाना बिलावर उमटेल असं करून ठेवलंय, हे मी बघितलंच नव्हतं.

धाकटा स्टँडवर पोचेपर्यंत त्यानं ती इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचली असणार. परत येतो, बिल काउंटरवर ठेवतो आणि एका ओळीवर बोट ठेवतो. आवाज चढलेला नाही, आणि तेच मला बरं वाटत नाही.

"ह्ये काय हाय? पाटी तीन, आत पाच?"

मी कुणालाही काहीही विकू शकतो, तात्या, पण त्या वेळी माझ्या तोंडून फक्त मशीन, मशीन एवढंच निघालं. धाकटा म्हणाला, मांडव आज उतरवतो. दादाला सांगा, पोरीचं लगीन पाचच्या मोटारीवर कर. दुकानात तीन-चार माणसं होती, त्यांनी खरेदी थांबवून माना खाली घातल्या, कान मात्र उघडे. मला दिसत होतं की हा माणूस आता निरवांगीला जाणार, विहिरीवर वाद होणार, पोरगी हळद लागून दारातच बसून राहणार, आणि हे सगळं माझ्या रकान्यातून निघालेलं.

तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. "त्या मोटारी मी भरल्यात. मशीनला काय इचारतोस, मला इचार."

"मग सांगा तात्या. पाच हाय का न्हाय?"

"सांगतो की. पर आदी तुझ्या मोटारीतलं सांगतो. समदी बसल्यात, ऐकू दे त्यास्नी."

धाकट्यानं बिलावरचं बोट काढलं. कोपऱ्यात पाइप बघत उभा असलेला एक जण म्हणाला, तात्या, मग मी निघतो, न्हायतर माझीबी पाळी यायची. कुणीतरी हसू दाबलं. तुम्ही हसला नाहीत.

"सांगू?"

"न्हाय. ऱ्हाऊ द्या."

"मांडव कुठं घातलाय?"

"आमच्या दारात."

"मग जा. बेरिंग ने. बिल हितंच ठेव."

तो बेरिंग खिशात घालून गेला. लग्न झालं, मी जेवायला गेलो होतो, दोघे भाऊ एकाच पंगतीत वाढत होते. पण ते नंतर. त्या दुपारी तुम्ही बिल उचललंत, न वाचता चुरगाळलंत, वाचता येत नव्हतंच तुम्हाला इतक्या बारीक अक्षरातलं, आणि माझ्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणालात, "ह्येला जीभ न्हाय म्हणत हुतास." मी खालच्या आवाजात विचारलं, म्हणजे धाकट्याचीही पाचच? तुम्ही पिशवी उचलत म्हणालात, दोघांची सारखीच हाय. बस. मी ते ऐकलं आणि तुम्ही एसटीत बसायच्या आत धाकट्याच्या नावापुढेही पाच टाकून मोकळा झालो. त्यानंतर ती थंडी तुम्ही आला नाहीत. आलात तेव्हा खुर्ची दुसरीकडे, कॉम्प्युटरकडे पाठ करून ठेवायला लावलीत.

तुम्ही गेलात, तुमचं दुकान बंद झालं आणि तुमची गिऱ्हाइकं माझ्याकडे यायला लागली. पहिल्यांदा थोरला आला, जळकी मोटार टेंपोत टाकून. तात्यांनंतर कुणी हात लावलेला नाही म्हणाला. तात्या भला माणूस, जाड तारेचे जादा पैसेसुद्धा घेतले नाहीत, तार पडूनच आहे म्हणाले. आणि तेव्हापासून पाणी असं सुटतं की पाट फुटायला येतो. वर्ष-दीड वर्षानं धाकटा आला. त्यानं हेच सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत, फक्त हळू आवाजात. दोघांनीही जाताना बजावलं, तात्यांनी भरलं होतं तसंच भरा. मी म्हटलं, तसंच भरतो. भरलंही तसंच, आणि जादा पैसे मीही घेतले नाहीत.

मुलगी मघाशी पुन्हा येऊन गेली. तिला मी सांगितलं, विहिरीची खोली टाक, पाण्याचा खारेपणा टाक, आणि पॉवरच्या जागी कंपनी पाटीवर जे म्हणते ते टाक. ती म्हणाली, पण अण्णा, तुम्ही तर आवाजावरून खरा आकडा ओळखता, तसा एक रकाना आपल्या दुकानाची खासियत म्हणून ठेवू या का? तिला मी नको म्हटलं, कारण सांगितलं नाही. हे कागदही तिला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची काही सोय नाही, ते एका परीनं बरंच आहे. गिऱ्हाइकांपुढे मी अजून त्या कानांची फुशारकी मारतो. त्या दोन्ही मोटारी मी माझ्या हातानं उघडल्या, तात्या. दोन्हींत तार तीनचीच होती.