माळी विहिरीपर्यंत पोचेना

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून रोज पाच ओळी लिहायच्या. ठरलं म्हणजे ठरलं.
ही परवा बदलीच्या गावी गेली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुजू झाली. बसने चार तास. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठेही बसून होतं. मी बनवतोय तो गेम संपला की मीही तिकडेच. धरून चाला दहा दिवस. निघताना तिने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, झालंच.
गेममध्ये एकच गोष्ट राहिलीये. बागेतला माळी. त्याला एकदम तीन कामं सांगायची: विहिरीवर जा, बादली भर, रोपांना पाणी घाल. त्याने ती रांगेने करायची. एक काम 'झालं' म्हणालं की रांगेतलं पुढचं सुरू. चाळीस ओळींची स्क्रिप्ट. दुपारपर्यंत हातावेगळी.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
माळ्याने घराच्या दारातच उभं राहून भिंतीला पाणी घातलं. विहिरीवर गेलाच नव्हता. किरकोळ आहे.

६ मार्च, गुरुवार
हिचा फोन. हॉस्पिटलजवळ दोन खोल्यांचं घर बघितलंय. खूश होती. खिडकीखाली माझं टेबल मावतं म्हणे. मालकीण मात्र खमकी. नवरा-बायकोला समोर बसवून बोलल्याशिवाय किल्ली देत नाही. शनिवारी, पंधरा तारखेला, अकरा वाजता बोलावलंय. येशील ना, असं दोनदा विचारलं. येणार म्हणजे काय, येणारच.
टेबलाचं माप कळव म्हणाली. टेप सापडली की लगेच.

९ मार्च, रविवार
मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ, दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याला गेम खेळायला दिला. माळी अजूनही तिन्ही कामं एका झटक्यात उरकतो आणि जागचा हलत नाही. मेहुणा म्हणाला, भाऊजी, हा काम हातात घेतल्या घेतल्या संपलं म्हणून सांगतो, अगदी तुमच्यावर गेलाय. मग हसत बसला. नको तितका हसला. त्याला यातलं काय डोंबल कळतंय!
पाच ओळी रोज जमत नाहीत. रोज लिहिण्यापेक्षा नीट लिहिणं महत्त्वाचं.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ५.४०
आंघोळ झाली. इस्त्रीचा शर्ट घातला. बस साडेसहाची. हातात अर्धा तास आहे, तोवर स्क्रिप्टवर नुसती नजर टाकतो.

१५ मार्च, दुपारी १२.१५
सापडलं! बारा दिवस छळत होतं, आज सापडलं.
काम संपलं की त्याची स्थिती 'झालं' अशी लिहायची, आणि काम चालू असेल तर 'झालंच'. हे नाव मीच दिलं होतं. आमच्या घरात झालंच म्हणजे चालू आहे, दुसरं काय? पण रांग फक्त सुरुवातीची अक्षरं बघत होती. 'झालंच'च्या सुरुवातीलाही 'झालं' आहेच. म्हणून काम सुरू झालं की रांगेला वाटायचं संपलं. एका 'च'ने घात केला.
फोन बघितला. तिचे सहा मिस्ड कॉल.

१५ मार्च, संध्याकाळी
बोललो. मालकिणीसमोर ती एकटीच तासभर बसली होती. बस बंद पडली, असं तिनेच माझ्या वतीने सांगितलं. मालकिणीने एक आठवडा दिलाय. वातावरण जरा हलकं करावं म्हणून तिला त्या 'च'ची गंमत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे तुझ्या रांगेलाही झालंच म्हणजे झालं असं वाटलं? मला नऊ वर्षं तसंच वाटत होतं."
आवाज बसला होता तिचा. तिकडे हवा बदलली आहे, त्यामुळे असेल.

२० मार्च, गुरुवार
माळी आता चालतो! पण वाटेत फाटक बंद असलं की तिथेच उभा राहतो. विहिरीवर पोचत नाही, म्हणून 'झालं' म्हणत नाही, म्हणून मागची सगळी कामं खोळंबतात. सकाळपासून फाटकासमोर उभा आहे. बघवत नाही. वाट अडली तर रांग मोडून दुसरं काम आधी घ्यायची सोय करायला हवी. तातडीचं काम. दहा ओळी.
शनिवारची बस पक्की. या वेळी लॅपटॉप उघडायचाच नाही.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ९
लॅपटॉप उघडला नाही. शब्द पाळला. सव्वासहाला स्टँडवर होतो. पण तिथे बसल्या बसल्या तातडीच्या कामाचं कोडं डोक्यात सुटलं. विसरायला नको म्हणून घरी आलो. दहा मिनिटांचं तर काम. साडेनऊला दुसरी बस आहे, पण दीड वाजता पोचून काय तोंड दाखवू? 'पुढच्या शनिवारी नक्की' असा मेसेज टाकला.
तिचा एकही फोन नाही. म्हणजे समजून घेतलं तिने.

२५ मार्च, मंगळवार
माळी जमला. फाटक बंद दिसलं की आधी ते उघडतो, मग विहीर, मग बादली, मग रोपं. एक काम पूर्ण संपतं, मगच दुसरं. टाळ्या वाजवाव्यात असं काम झालंय.
मेहुणा आला, त्याला दाखवलं. छान आहे म्हणाला, पण स्क्रीनकडे बघितलंच नाही. हिचे गरम कपडे, टेबललॅम्प आणि सर्टिफिकेटांची फाईल घेऊन गेला. तिने मागवलंय म्हणे. नव्या घराची तयारी जोरात दिसते. मला बरंच वाटलं.

२९ मार्च, शनिवार. परतीच्या बसमध्ये
गेलो. वेळेवर गेलो. टेबलाचं मापही लिहून नेलं होतं.
दोन खोल्यांचं घर मागच्या शनिवारीच दुसऱ्या जोडप्याला गेलं. ही नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात राहते. एक खोली, एक कॉट. पुरुषांना आत सोडत नाहीत. बाहेरच्या खोलीत बाकावर बसलो. ती भांडली नाही. प्रवास कसा झाला विचारलं. गेम पूर्ण झाला म्हटल्यावर म्हणाली, बरं झालं, खूप कष्ट घेतलेस. मी म्हटलं, आता दुसरं घर बघू, मी आजपासून इथेच राहतो. ती म्हणाली, नको.
मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नको म्हणाली, अगदी हळू. तेव्हा मला रडू आवरेना. तिने पाठीवर हात ठेवला आणि उठून डबा घेऊन आली. बस दोनची आहे, वाटेत कुठे धड खायला मिळत नाही, असं म्हणाली.
डबा हातात घेतला तर गार होता. मी पोचायच्या आधी, सकाळीच भरून ठेवला होता.