पहिल्या आवृत्तीतल्या शेंगा

प्रिय चिमणे,

पुढचं सावकाश वाच. आधी मी पाठवलेल्या घेवड्याच्या शेंगांच्या बरण्या बाजूला काढ आणि एकही उघडू नकोस. उघडली असशील, तर चमचाभरही कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नकोस. पोरांच्या तर मुळीच नाही.

आईचं जुनं पाककृतींचं पुस्तक मी ठेवून घेतलं म्हणून तू अबोला धरलास. रागावलीस ते बरोबरच होतं. रद्दीच्या दुकानांतून जुनी पुस्तकं हुडकायचं वेड तुझं. मी थोरली असून या वेडात तुझ्या मागून आले आणि नेमकं तेच पुस्तक पटकावलं. तुझा राग जावा म्हणून त्यातलीच कृती काढली. शेंगा उकळायच्या, गरम असतानाच बरणीत भरायच्या, झाकणाच्या कडेने मेण ओतायचं. त्या मेणाचं काय कौतुक वाटलं होतं मला.

काल माझ्याकडच्या बरणीचं झाकण फुगलेलं दिसलं. ग्रंथालयात धावले, त्याच पुस्तकाची नंतरची आवृत्ती काढली. आपण दोघी नव्या आवृत्त्यांना नाक मुरडतो, पहिलीच हवी म्हणून हटून बसतो, तेच नडलं बघ. नव्या आवृत्तीत ही कृती गाळलीय. नुसत्या उकळण्याने त्यातले जंतू मरत नाहीत, बंद बरणीत ते विष तयार करतात, असं स्पष्ट छापलंय. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधीकधी वास येत नाही, चवही बदलत नाही, आणि माणूस हातचा जातो.

तेव्हापासून तुला फोन लावतेय. तू उचलत नाहीस, मेहुण्यांचा लागत नाही. आज भाचीचा वाढदिवस, म्हणजे त्या शेंगा तू ताटात वाढणारच. तुझा राग ताईवर, ताईच्या हातच्या खाण्यावर नाही, हे मला ठाऊक आहे. तुला वाटेल, ही नेहमीची घाबरट, उगाच बाऊ करतेय. या वेळी तसं समजू नकोस गं.

हे मी तुझ्याच दाराबाहेर, पायरीवर बसून लिहितेय. बेल वाजवली, हाका मारल्या. तू दारातल्या भिंगातून बघितलंस आणि गाणी मोठी केलीस. आत पोरांचा दंगा चाललाय, ताटं मांडल्याचा आवाज येतोय. कागद दाराखालून सरकवते. आईचं पुस्तक आणलंय, ते उंबऱ्यावर ठेवून जाईन. मला आत घेऊ नकोस, बोलूही नकोस. फक्त गाणी बंद कर, म्हणजे तू वाचलंस हे मला कळेल. तोवर मी इथून हलणार नाही.

तुझीच,
दाराबाहेरची ताई